दोन रंग, एक रेघ : महालातल्या बॅज-भरतकामाच्या दुकानाविषयी

नागपूरच्या महालात, बडकस चौकातून आत गेल्यावर, शाळा-महाविद्यालयांचे मोनोग्राम, ब्लेझरचे पॉकेट बॅज, झेंडे, पदकांच्या फिती आणि रबरी शिक्के करून देणारे एक जुने दुकान आहे. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाने अमृतमहोत्सवानिमित्त आपले चिन्ह या दुकानातून तयार करून घेतले. अशा कामाचा अभिप्राय एरवी चार ओळींत संपला असता. तो सविस्तर लिहिण्याचे कारण असे की आमचे चिन्ह दिसायला साधे असले तरी करणाऱ्याची कसोटी पाहणारे होते. युरोपातील कुलचिन्हविद्येत, म्हणजे हेराल्ड्रीत, ज्या रंगयोजनेला ‘काउंटरचेंज्ड’ म्हणतात तिच्यानुसार ते आखलेले होते, आणि ही योजना नीट समजल्यावाचून तो बॅज नीट भरता येत नाही. भरतकामात दुकानाने आमची अपेक्षा पूर्ण केली, किंबहुना काही ठिकाणी आमच्यापेक्षा पुढचा विचार केला. शिक्का दुसऱ्या खेपेला जमला. फितीचे काम मात्र त्यांच्याकडून झाले नाही.

प्रथम चिन्हाविषयी सांगतो, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. हेराल्ड्रीतील ढालीचे क्षेत्र पुष्कळदा दोन रंगांत विभागलेले असते. अशा दुरंगी क्षेत्रावर एखादी आकृती बसवायची झाली, तर तिला कोणता रंग द्यावा हा प्रश्न उभा राहतो, कारण त्या दोहोंपैकी कोणताही रंग दिला तरी आकृतीचा अर्धा भाग त्याच रंगाच्या क्षेत्रात बुडून जातो. काउंटरचेंज्ड योजनेत आकृतीचा जो भाग पहिल्या रंगावर पडतो तो दुसऱ्या रंगाचा होतो, आणि जो दुसऱ्यावर पडतो तो पहिल्या रंगाचा. आमच्या चिन्हातील ढाल उभी दुभागलेली आहे. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला गर्द निळा आणि उजव्या हाताला पांढरा रंग आहे, आणि मधल्या रेघेवर समई उभी आहे. समईचा निळ्यावरचा अर्धा भाग पांढरा आहे आणि पांढऱ्यावरचा अर्धा भाग निळा. समई दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे ती रेघ ज्योतीच्या टोकापासून बैठकीच्या मध्यापर्यंत सरळ उतरते, आणि तिच्यावर प्रत्येक ठिकाणी निळ्यासमोर पांढराच येतो.

दुकानाच्या मालकांना तेथे सगळेच काका म्हणतात. त्यांना हे रेखाचित्र दाखवले तेव्हा त्यांनी लगेच विचारले, “म्हणजे गंगा-जमना काठासारखं का?” प्रश्न विचार करण्यासारखा होता. गंगा-जमना साडीत दोन काठ दोन रंगांचे असतात, परंतु साडीच्या अंगाचा रंग आपल्या जागी कायम राहतो. येथे अंग आणि नक्षी दोघेही रेघ ओलांडताच आपापला रंग एकमेकांना देऊन टाकतात. काकांनी कागदाचा अर्धा भाग तळहाताने झाकून पाहिला, मग दुसरा अर्धा झाकून पाहिला आणि म्हणाले, “दोन्हीकडे तीच समई, फक्त धागा बदलला.” ज्यांना हे वाक्य न शिकवता सुचते त्यांच्याकडे काम द्यायला हरकत नाही, असे माझे मत तेव्हाच झाले.

या योजनेचे सहज पाहायला मिळणारे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील मेरीलँड राज्याचा ध्वज, जो १९०४ मध्ये अधिकृत झाला. त्याच्या चार खणांपैकी दोन खणांत कॅल्व्हर्ट घराण्याचे चिन्ह आहे: सोनेरी आणि काळ्या रंगांचे सहा उभे पट्टे, आणि त्यांच्यावरून डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजवीकडे खाली उतरणारा एक तिरपा पट्टा, जो सोनेरी पट्ट्यावर आला की काळा होतो आणि काळ्यावर आला की सोनेरी. उरलेल्या दोन खणांत क्रॉसलँड घराण्याचा, टोकांना तीन-तीन गोल पाकळ्या असलेला क्रूस तांबड्या-पांढऱ्या चार भागांवर तसाच रंग पालटत उभा आहे. कॅल्व्हर्टांच्या ढालीचे शास्त्रोक्त वर्णन ‘पेली ऑफ सिक्स ऑर अँड सेबल, अ बेंड काउंटरचेंज्ड’ एवढेच आहे. पेली म्हणजे उभे पट्टे, ऑर म्हणजे सोनेरी, सेबल म्हणजे काळा आणि बेंड म्हणजे तिरपा पट्टा. तिरप्या पट्ट्याच्या प्रत्येक तुकड्याचा रंग वेगळा सांगत बसावे लागत नाही. हे वर्णन हाती असेल तर कोणताही चित्रकार ढाल पुन्हा जशीच्या तशी काढू शकतो, आणि हेराल्ड्रीची भाषा घडली ती याच गरजेतून.

युरोपीय पद्धतीची ढाल आपल्याकडे आली ती इंग्रजी अमदानीत. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना जी रेशमी निशाणे देण्यात आली, त्यांवरील चिन्हे बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधील रॉबर्ट टेलर यांनी आखली होती. नागपूरचे राज्य तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या १८५३ मधील मृत्यूनंतर खालसा झालेले असल्यामुळे सत्ताधीश संस्थानिक म्हणून त्या दरबारात नागपूरचे कोणी नव्हते. नागपुरात मात्र त्याच दिवशी जमशेटजी टाटांची कापडगिरणी सुरू झाली, आणि दिल्लीत राणी व्हिक्टोरियाला ज्या पदवीची घोषणा झाली तिच्यावरूनच तिला एम्प्रेस मिल हे नाव मिळाले. दरबारातल्या निशाणांची ढाल पुढे शाळांच्या खिशावर येऊन बसली, आणि ती आकृती आता आपल्या इतक्या सवयीची झाली आहे की तिचे नियम विचारावेत असे कोणाच्या मनात येत नाही. दुकानाच्या भिंतीवरच्या नमुन्यांत अर्ध्याहून अधिक बॅज ढालीचेच आहेत, आणि त्यांतील बहुतेकांत पुस्तक, मशाल, कमळ, ग्रंथातले वचन आणि स्थापनेचे वर्ष असे सगळे एका वेळी कोंबलेले आहे. तीन इंचांच्या बॅजवर यातले काहीच वाचता येत नाही.

रंगांचा एक नियम येथे सांगायला हवा, कारण त्यावरून आमच्या मंडळात बराच खल झाला. हेराल्ड्रीत सोनेरी आणि चंदेरी यांना धातू म्हणतात, आणि तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग मानले जातात. सोनेरीच्या जागी पिवळा आणि चंदेरीच्या जागी पांढरा चालतो. धातूवर धातू ठेवू नये आणि रंगावर रंग ठेवू नये, असा दंडक आहे, आणि जेरुसलेमच्या राज्याचे चांदीवरील सोनेरी क्रूस हा त्याचा प्रसिद्ध अपवाद आहे. दंडकामागचे कारण व्यवहाराचे आहे: ढाल दुरून ओळखू आली पाहिजे, म्हणून उजळावर गडद किंवा गडदावर उजळ एवढेच चालते. क्षेत्राच्या दोन भागांपैकी एक धातू आणि एक रंग असेल, तर काउंटरचेंज्ड योजनेत हा नियम आपोआप पाळला जातो, कारण धातूवर नेहमी रंगच येतो आणि रंगावर धातू. या योजनेवर माझे जे प्रेम आहे ते मुख्यतः यामुळे. त्या चित्रात दिसेनासे होणारे असे काही उरतच नाही.

मंडळातील काही सदस्यांना समईची ज्योत सोनेरी हवी होती. त्यांची भावना मला समजते. ज्योत निळी कशी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. काकांनी वाद न घालता पिवळ्या धाग्याची ज्योत असलेला एक तुकडा भरून आणला आणि तो काउंटरपासून दुकानाच्या दारापर्यंत लांब नेऊन धरला. निळ्यावरची अर्धी ज्योत लख्ख दिसत होती आणि पांढऱ्यावरची अर्धी जवळजवळ नाहीशी झाली होती, त्यामुळे समई एका अंगाने पेटल्यासारखी वाटत होती. ज्यांनी आग्रह धरला होता त्यांनीच तो सोडला. या नमुन्याचे पैसे दुकानाने वेगळे लावले नाहीत, हेही नोंदवतो.

काकांशी बोलताना व्हेअरचा विषय निघाला, आणि तो शिवणकाम करणाऱ्या माणसाला फार आवडतो असा माझा अनुभव आहे. व्हेअर हा हेराल्ड्रीतील आलटून-पालटून येणाऱ्या रंगांचा एक प्राचीन नमुना असून तो निळ्या-पांढऱ्या घंटांसारख्या आकारांच्या रांगांनी दाखवतात. त्याचे मूळ चित्रात नाही, शिवणीत आहे. उत्तरेकडील खारीची पाठ निळसर करडी असते आणि पोट पांढरे असते. अशा कातड्यांचे पाठीचे आणि पोटाचे तुकडे आळीपाळीने जोडून झग्यांना अस्तर लावले जाई, आणि तीच जोडणी ढालींवर नक्षी होऊन उतरली. रांगा एकमेकींवर कशा बसवल्या आहेत यावरून तिचे उपप्रकार ठरतात. उदाहरणार्थ एका रांगेतील निळ्या घंटेचा तळ खालच्या रांगेतील निळ्याच घंटेच्या तळाला भिडवला, तर तो काउंटर-व्हेअर. दोन रंगांचे तुकडे कोणत्या कडेवर भेटतात हा प्रश्न त्या काळच्या शिंप्यापुढेही होता, आणि आमच्या बॅजच्या बाबतीत तो महालातल्या एका संगणकाच्या पडद्यावर पुन्हा उभा राहिला.

चित्राचे टाक्यांत रूपांतर करण्याच्या कामाला पंचिंग म्हणतात, आणि बॅजचा दर्जा तेथेच ठरतो. धाग्याच्या ताणामुळे कापड टाक्याच्या दिशेने थोडे आत ओढले जाते, त्यामुळे पडद्यावर जेवढी जागा भरलेली दिसते त्यापेक्षा कापडावर ती किंचित कमी भरते. मशीनवर बसणाऱ्या दादांनी हे एका वाक्यात सांगितले: “सर, दोन्ही धागे एकाच रेघेवर आणून सोडले तर मधात फट पडते.” त्यावर नेहमीचा उपाय असा की एका रंगाचे टाके दुसऱ्याच्या खाली थोडे सरकवायचे. साध्या बॅजमध्ये कोणता खाली आणि कोणता वर याने फारसे बिघडत नाही. येथे मात्र पांढऱ्या धाग्याखाली निळा आला तर तो डोकावतो, म्हणून पांढरा खाली आणि निळा वर हाच क्रम राखावा लागतो. आणि ज्योतीच्या वर निळा डावीकडे, समईच्या अंगात उजवीकडे, बैठकीच्या खाली पुन्हा डावीकडे असल्यामुळे पांढरा सरकवण्याची बाजू एकाच रेघेवर दोनदा बदलावी लागते.

खरी परीक्षा त्या दोन जागांची आहे जेथे ही बाजू बदलते, म्हणजे ज्योतीचे टोक आणि बैठकीच्या तळाचा मध्य. तेथे डावीकडचा निळा आणि उजवीकडचा निळा एकाच बिंदूत, कोपऱ्याला कोपरा लावून भेटतात. पहिल्या नमुन्यात बैठकीच्या तळाशी दोन्ही निळे एकमेकांवर चढून धाग्याची बारीक गाठ झाली होती, आणि ज्योतीच्या टोकाशी उलट प्रकार होऊन पांढरी फट राहिली होती. हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला यातले काही दिसले नसते. दादांनी मात्र आम्ही काही बोलण्यापूर्वी स्वतःच त्यावर बोट ठेवले आणि वेगळी वाट सुचवली: बॅज पांढऱ्या ट्विलच्या कापडावर घ्यायचा आणि केवळ निळा धागा भरायचा. मग पांढरे क्षेत्र आणि समईचा पांढरा अर्धा हे दोन्ही मूळ कापडच असतात, आणि एकाखाली दुसरा धागा सरकवण्याचा प्रश्नच राहत नाही. निळ्याची कड तेवढी नेमकी सांभाळली की दोन्ही कोपरे स्वच्छ भेटतात.

हा दुसरा नमुना पहिल्याहून कितीतरी चांगला उतरला, परंतु त्यातही एक बारीक दोष होता आणि तो पाहण्यासारखा आहे. क्षेत्राचा निळा भाग मोठा असल्याने तो भरीव टाक्यांनी भरला होता, तर समईचा निळा अर्धा अरुंद असल्याने तो लांब, चकचकीत साटिन टाक्यांनी भरला होता. रीळ एकच असूनही उजेडात दोन निळे वेगळे दिसत होते, कारण धाग्यावर प्रकाश कोणत्या कोनातून पडतो त्यावर त्याची झळाळी अवलंबून असते. रंगांची अदलाबदल होते असे म्हणायचे तर दोन्हीकडचा निळा एकच असला पाहिजे, हे दादांना सांगितल्यावर त्यांनी समईतही भरीव टाकाच घेतला आणि दोन्ही ठिकाणी टाक्याचा कोन एक ठेवला. समईच्या दांड्यावर, जेथे निळी बाजू जेमतेम दीड मिलिमीटर रुंद आहे, तेथे भरीव टाका बसवायला मशीनचा वेग कमी करावा लागला. तयार बॅज हातात घेऊन तो फिरवला तरी निळा रंग दोन्हीकडे सारखाच हलतो. याहून चांगले यंत्रावरचे काम मी पाहिलेले नाही.

काठाचा प्रश्न वेगळा होता. आमचे ब्लेझर गर्द निळे आहेत, त्यामुळे बॅजची निळी बाजू त्यांत मिसळून जाते आणि ढालीचा आकार तुटतो. काकांनी सुचवले की भोवती निळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा काठ घ्यावा. हेराल्ड्रीत अशा एकेरी रांगेला ‘कॉम्पोनी’ म्हणतात, आणि रांगांच्या संख्येनुसार तिची संज्ञा बदलते: दोन रंगांचे चौकोन आळीपाळीने एका रांगेत आले तर कॉम्पोनी, दोन रांगांत आले तर काउंटर-कॉम्पोनी, आणि तीन किंवा त्याहून अधिक रांगा झाल्या तर चेकी. स्कॉटलंडच्या स्ट्युअर्ट घराण्याच्या सोनेरी ढालीवरील निळा-पांढरा आडवा पट्टा चेकी आहे, आणि क्रोएशियाच्या राष्ट्रचिन्हातील तांबडे-पांढरे पंचवीस चौकोनही चेकीच. निळ्या-पांढऱ्या कॉम्पोनी काठाचे सुप्रसिद्ध धारक म्हणजे इंग्लंडमधील बोफोर्ट घराणे. इंग्लंडचा राजपुत्र जॉन ऑफ गाँट आणि कॅथरिन स्विनफर्ड यांच्या विवाहापूर्वी जन्मलेल्या, मागाहून औरस ठरवल्या गेलेल्या संततीचे हे घराणे राजचिन्हाभोवती तो काठ वापरत असे. स्कॉटलंडमध्ये तर कॉम्पोनी काठ अनौरसत्वाची खूण म्हणून वापरला गेला आहे. नागपुरात हा अर्थ कोणी लावणार नाही हे खरे, पण खूण उसनी घ्यायची तर तिचा अर्थ ठाऊक असून तिकडे डोळेझाक करणे मला पटत नाही, म्हणून मी त्याला विरोध केला.

विरोधाचे दुसरे कारण केवळ डोळ्याचे होते. निळ्या ब्लेझरवर काठातले निळे तुकडे दिसणार नाहीत, केवळ पांढरे तुकडे सुटे-सुटे उठून दिसतील. शिवाय दुरंगी क्षेत्राला लागून तसा काठ घेतला की निळा तुकडा निळ्या क्षेत्रात आणि पांढरा तुकडा पांढऱ्यात मिसळून समईभोवती नुसती गडबड होईल. काठही काउंटरचेंज्ड घेता आला असता, म्हणजे निळ्या बाजूला पांढरा आणि पांढऱ्या बाजूला निळा, आणि कागदावर तो अतिशय देखणा दिसतो. आमच्या पत्रशीर्षावर आणि झेंड्यावर आम्ही तोच ठेवला आहे. ब्लेझरवर मात्र उजवीकडची निळी कड कापडात विरून ढालीची उजवी बाजू डावीपेक्षा बारीक भासते. अखेरीस ब्लेझरच्या बॅजला सर्व बाजूंनी पांढऱ्या धाग्याचे एकच बारीक ओव्हरलॉक घेतले. त्या मशीनवर एका वेळी एकाच रंगाची कड घेतली जाते, त्यामुळे हे कामही स्वस्तात झाले.

शिक्क्याचे काम दुकान बाहेरून करवून घेते. आमचे चिन्ह दुरंगी असल्याने ते एका शाईत सहज यावे अशी अपेक्षा होती: निळे ते भरीव, पांढरे ते कोरे. परंतु रबरी शिक्क्यावर मोठा भरीव भाग सारखा उमटत नाही. कडेला शाई साचते आणि मध्ये पुसट राहते. या अडचणीवर हेराल्ड्रीतच तोड आहे. इटालियन जेझुइट सिल्वेस्टर पेट्रा सँक्टा यांनी १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनुसार एकाच शाईत रंग रेघांनी दाखवतात: निळ्यासाठी आडव्या रेघा, तांबड्यासाठी उभ्या, हिरव्यासाठी तिरप्या, काळ्यासाठी आडव्या-उभ्या जाळीच्या, सोनेरीसाठी ठिपके, आणि चंदेरी कोरे. आम्ही निळ्याच्या जागी आडव्या रेघा मागितल्या. पहिला शिक्का आला त्यात रेघा इतक्या दाट होत्या की थोड्याशा वापराने त्यांमध्ये शाई भरून सगळे पुन्हा भरीव झाले. काकांनी तो परत घेतला आणि रेघांमधले अंतर दुपटीहून अधिक ठेवून दुसरा दिला. तो उत्तम चालतो, आणि कागदावर समई आता निळ्या बॅजपेक्षाही स्पष्ट उमटते असे काही सदस्य म्हणतात. ज्यांना एकरंगी छपाईत आपले चिन्ह वापरायचे आहे त्यांनी ही रेघांची पद्धत जरूर मागावी, मात्र नमुना शिक्का स्वतः चालवून पाहिल्यावाचून पसंती देऊ नये.

फितीच्या बाबतीत निराशा झाली. पदकांसाठी आम्हाला निळ्या-पांढऱ्या सहा पट्ट्यांची फीत हवी होती आणि दुकानात पाच पट्ट्यांची तयार फीत मिळते. बहुतेकांना हा फरक किरकोळ वाटेल, दुकानालाही वाटला. हेराल्ड्रीत मात्र पट्ट्यांची संख्या सम की विषम यावर अर्थ पालटतो. पट्टे सम असतील तर दोन्ही रंगांना सारखा मान असतो आणि त्यांपैकी कोणताच जमिनीचा रंग नसतो. हंगेरीच्या जुन्या राजचिन्हातील तांबडे-पांढरे आठ आडवे पट्टे हे याचे उदाहरण. पट्टे विषम झाले की जो रंग दोन्ही कडांना येतो तो जमीन ठरतो आणि दुसरा रंग तिच्यावर घातलेले पट्टे. पाच पट्ट्यांची निळी-पांढरी फीत म्हणजे निळ्या जमिनीवर दोन पांढरे पट्टे, आणि जे चिन्ह दोन रंगांच्या बरोबरीवरच उभे आहे त्याच्याशी ती जुळत नाही. तयार फिती विषमच असतात, कारण त्या कोणत्याही बाजूने लावल्या तरी सारख्या दिसतात. सम पट्ट्यांची फीत विणून घ्यावी लागते आणि त्यासाठी लागणारी किमान मागणी आमच्यासारख्या मंडळाच्या आवाक्यात नव्हती. हे सगळे दुकानाने सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले असते तर आम्ही फीत एकाच निळ्या रंगाची घेतली असती. ‘बघू, करून देऊ’ या आश्वासनावर आम्ही शेवटपर्यंत थांबलो आणि अखेर पाच पट्ट्यांचीच फीत पदरी पडली.

व्यवहाराच्या काही गोष्टी. पंचिंगचे एकदाचे ८०० रुपये पडतात, आणि तीन इंची बॅज शंभराहून अधिक घेतल्यास नगाला ७५ रुपये. हाताच्या जरीकामाचा बॅज त्याच्या कैक पट महाग आहे आणि तोही बाहेरून बनून येतो, त्यामुळे त्याच्या मुदतीची खात्री दुकान देत नाही. धागा पॉलिस्टरचाच मागावा. रेयॉनची चमक अधिक असली तरी वारंवार धुण्यात आणि नागपूरच्या उन्हात निळा रंग पॉलिस्टरवरच टिकतो. छटा निवडताना रिळे दुकानाबाहेर उजेडात नेऊन पाहावीत, कारण आतल्या ट्यूबलाइटखाली गर्द निळा आणि काळा यांत फरक करणे कठीण जाते. काका याला कधी नाही म्हणत नाहीत. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधीचे आठवडे टाळलेले बरे. शाळांच्या ऑर्डरी, झेंडे आणि कामठीकडून येणारे बँड-पथकांचे काम यांत दुकान बुडालेले असते आणि फोन उचलला जात नाही. महालात चारचाकी लावायला जागा मिळणार नाही हे गृहीत धरूनच जावे.

आणखी एक सूचना, कारण तिच्याअभावी दुसऱ्या एका संस्थेचा बॅज उलटा झालेला मी त्याच काउंटरवर पाहिला. हेराल्ड्रीत उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, अर्थात पाहणाऱ्याची डावी. आणि वर्णनात जो रंग आधी येतो तो त्या बाजूला बसतो. ‘उजवीकडे निळा’ असे तोंडी किंवा फोनवर सांगितले की मशीनवरची माणसे साहजिकच आपल्या उजवीकडे निळा घेतात. काउंटरचेंज्ड चिन्हात ही चूक पटकन लक्षातही येत नाही, कारण उलट केलेले चित्र तितकेच सुसंगत दिसते. म्हणून रंगवलेले रेखाचित्र द्यावे, त्यावर दोन्ही बाजूंना रंगांची नावे लिहावीत आणि पंचिंग झाल्यावर संगणकावरच्या चित्राशी ते ताडून मगच सही करावी. पंचिंगची फाइल दुकानाकडेच राहते आणि पुन्हा ऑर्डर दिल्यास तिचे पैसे पडत नाहीत; तरीही तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर मागून घ्यावी, काका ती देतात.